मोटारीच्या इंजिनांतील वंगण



माझ्या मेजावर धातूची एक अर्धगोल पट्टी ठेवलेली आहे. तिचा पृष्ठभाग जळून खरवडलेला आहे. गेल्या उन्हाळ्यांत माझा पुतण्या शिर्डीहून आमची मोटार घेऊन परतत असतां, घर तीन किलोमीटर राहिलें तेव्हां तेलाचा लाल दिवा लागला. ‘आतां जरीपटका आलाच,’ म्हणून त्यानें गाडी तशीच रेटली. दुसऱ्या दिवशीं गॅरेजांतल्या मिस्त्रीनें क्रँकशाफ्टच्या बेअरिंगची ही पट्टी माझ्या हातीं ठेवली.

केवळ तीन किलोमीटरांत असा नाश कां व्हावा? बैलगाडीच्या आंसाला लावावयाचें वंगण आपण पाहिलेलें असतें; त्यामुळें वंगण म्हणजे बुळबुळीत करणारा पदार्थ, एवढीच आपली समजूत असते. इंजिनांतलें तेल मात्र धातूला उचलून धरतें. इंग्लंडांत १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर हा इंजिनिअर आगगाडीच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होता. बेअरिंगच्या माथ्यावरील भोकांतून तेल वर येऊं लागलें, म्हणून त्यानें तेथें लाकडी खुंटी ठोकली. तेलानें ती खुंटीच बाहेर ढकलली! फिरणारा आंस तेलाला निमुळत्या फटींत ओढून नेतो; तेथें इतका दाब उत्पन्न होतो कीं, सारा भार तेलाच्या थरावर तोलला जातो. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यानें १८८६ सालीं याचें गणित मांडलें.

मोटारीचा क्रँकशाफ्ट अशाच थरावर फिरतो. मिनिटाला ६,००० फेरे म्हणजे सेकंदाला १००. आणि थराची जाडी मोजावयाची मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शांत! म्हणून तेलाचा पुरवठा अखंड हवा. तळाच्या कुंडींतून, म्हणजे संपमधून, पंप तेल ओढतो. तें फिल्टरमधून गाळून बेअरिंगांकडे जातें, कित्येक इंजिनांत दट्ट्यांच्या खालच्या अंगावर फवारलें जातें, आणि उष्णता घेऊन पुन्हां कुंडींत उतरतें.

शर्यतीच्या गाडीची अडचण निराळी. पाण्यानें भरलेली परात घेऊन झटकन वळून पाहा. पाणी एका कडेला चढतें. वेगानें वळणाऱ्या गाडीच्या कुंडींत तेलाचें तेंच होतें. पंप तेलाऐवजीं हवा ओढतो, दाब गळतो, थर तुटतो. म्हणून अशा इंजिनांत ‘ड्राय संप’ ही योजना करतात. तळाशीं तेल सांठूं न देतां जादा पंप तें खेंचून वेगळ्या, उंच टांकींत नेतात. तेथें हवेचे बुडबुडे निघून जातात, आणि टांकीच्या बुडांतून दुसरा पंप इंजिनाला तेल पुरवितो. तेलाची उंची पुरेशी असल्यामुळें वळणावरहि तें बूड उघडें पडत नाहीं. शिवाय कुंडी उथळ झाल्यानें इंजिन जमिनीच्या अधिक जवळ बसवितां येतें. १९६४ सालीं तयार होऊं लागलेल्या ‘पोर्शे ९११’ मध्यें ही योजना होती.

आपल्या घरगुती गाड्यांना तिची गरज नाहीं. परंतु नागपूर-शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाल्यापासून याच गाड्या ताशीं १२० किलोमीटरची मर्यादा गांठून तासन्‌तास धांवतात. त्यांत विदर्भाचा उन्हाळा! तेल तापतें तसें पातळ होतें, आणि कुंडींत तें कमी असेल तर लवकर तापतें. लाल दिवा तेलाचा दाब गेल्याचें सांगतो. तो लागला कीं रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावें.

दिव्यावर मात्र विसंबूं नये. सपाट जागीं, इंजिन बंद करून कांहीं मिनिटांनीं तेलाची पट्टी काढून पुसावी, पुन्हां घालून काढावी, व तेल दोन खुणांच्या मध्यें आहे ना, तें पाहावें. वरच्या खुणेपलीकडे भरणेंहि वाईट. फिरता क्रँकशाफ्ट तेल घुसळून फेस करतो, आणि फेसाला भार तोलत नाहीं.

पुतण्याला मीं त्या दिवशीं फार बोल लावला. पण खरें सांगावयाचें तर, निघण्याच्या आदल्या सायंकाळीं ती पट्टी मीच पाहिली होती. तेल खालच्या खुणेखालीं होतें, आणि ‘परत आल्यावर पाहूं’ असें मीच म्हणालों होतों. आजचा अभ्यास उद्यांवर टाकूं नका, असें जन्मभर मुलांना सांगणारा मी! म्हणून ती जळकी पट्टी मीं माझ्याच मेजावर ठेवली आहे.