मुखवट्याआडचा न्याय

एखादा चित्रपट पैसे मिळवून गेला की त्याचा दुसरा भाग निघतो, हा चित्रपटधंद्याचा जगभरचा रिवाज आहे. नाव तयार असते, प्रेक्षक तयार असतो. कथा मात्र बहुधा पहिल्या भागातच संपलेली असते. आज अशाच एका दुसऱ्या भागाविषयी बोलायचे आहे. १९८४ सालचा, बेताच्या खर्चात उरकलेला अमेरिकन चित्रपट 'एक्स्टर्मिनेटर २'.

पहिला 'एक्स्टर्मिनेटर' १९८० सालचा. दिग्दर्शक जेम्स ग्लिकेनहाउस. व्हिएतनामच्या युद्धात ज्याने आपला जीव वाचवला, त्या मित्राला न्यूयॉर्कमधले गुंड कायमचे लुळे करून टाकतात आणि जॉन ईस्टलंड हा साधा कामगार सूड घ्यायला निघतो. हाही काही थोर चित्रपट नव्हे. त्यातली हिंसा किळस आणणारी आहे. पण त्यात एका माणसावर दुसऱ्याचे ऋण आहे, इस्पितळातली खाट आहे, ईस्टलंडचा माग काढणारा एक डिटेक्टिव्ह आहे. मुख्य म्हणजे, सूड पुरा होतो तरी मित्र खाटेवरून उठत नाही. सुडाने काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा हिशेब तिथे थोडासा का होईना, मांडलेला आहे.

दुसऱ्या भागात हा हिशेबच नाही. निर्मिती कॅनन या कंपनीची, मेनाहेम गोलान आणि योरम ग्लोबस या चुलतभावांची. दिग्दर्शन मार्क बन्ट्झमन यांचे. खलनायकाचे नावच 'एक्स', त्यामुळे तो कोण, कुठला, असा का झाला, हे सांगायची गरजच उरत नाही. नायकाची नर्तकी मैत्रीण आणि कचऱ्याची गाडी चालवणारा जुना दोस्त यांना पटकथेत एकच काम आहे: मार खाणे, म्हणजे नायकाला चिडायला कारण मिळते. मग कचऱ्याच्या गाडीला चिलखत चढते, ज्वाला फेकणारे यंत्र निघते आणि माणसे जळतात. पुन्हा जळतात. तिसऱ्यांदा प्रेक्षक जांभई देतो.

या चित्रपटाची एक हकीकत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तयार झालेला चित्रपट कंपनीला पसंत पडला नाही, म्हणून विल्यम सॅक्स या दुसऱ्या दिग्दर्शकाकडून जादा दृश्ये करून घेतली गेली. नायक रॉबर्ट गिंटी तेव्हा उपलब्ध नव्हते. तोड सोपी निघाली. नायक वेल्डिंगचा मुखवटा घालतो, तेव्हा आत दुसराच माणूस उभा केला तरी चालते! चाललेही. शिक्षा देणाऱ्याला चेहरा लागतच नाही, हे त्या चित्रपटाने नकळत कबूल केले.

कमी पैशांचा दोष मी देणार नाही. तुटपुंज्या पैशांत उत्तम चित्रपट झाले आहेत. खोट निराळी आहे. अशा चित्रपटात गुन्हा आपण डोळ्यांनी पाहिलेला असतो. कॅमेऱ्याने साक्ष आधीच दिलेली असते, म्हणून कोर्टाची आठवण होत नाही. गझलेच्या शेरात पहिली ओळ दावा मांडते, दुसरीने त्याची दलील द्यायची असते. दुसऱ्या ओळीत दावाच पुन्हा आला तर शेर पडतो. हा चित्रपट तसाच पडला आहे.

दुसरा भाग खरोखर दलील होऊ शकतो. ब्रायन गारफिल्ड यांची 'डेथ विश' ही कादंबरी १९७२ साली आली आणि १९७४ साली तिच्यावर चार्ल्स ब्रॉन्सनचा गाजलेला चित्रपट निघाला. कायदा हातात घेणाऱ्याचा त्यात जयजयकार झालेला लेखकाला रुचला नाही. १९७५ साली त्यांनी 'डेथ सेंटेन्स' ही पुढची कादंबरी लिहिली. तिच्यात नायकाला स्वतःचीच नक्कल करणारा दुसरा मारेकरी भेटतो आणि आपण काय सुरू करून ठेवले, ते त्याला उमगते. चित्रपटांच्या मालिकेने मात्र ही वाट घेतली नाही. १९८२ सालचा 'डेथ विश २', तोही कॅननचाच, गोळ्याच झाडत राहिला.

श्रोतेहो, न्यूयॉर्कच्या जुन्या मारधाडीचे आपल्याला काय, असे कुणी म्हणेल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणारी ही माणसे. संशय काय, तर ती मुले पळवणारी आहेत. कुणी काही पाहिले नव्हते. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवा तेवढ्या होत्या. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना मारणाऱ्यांपैकी प्रत्येकाला त्या घटकेला आपण नायकच वाटलो असणार.

पडद्यावरचा 'एक्स' दोषी असतो, कारण पटकथेत तसे लिहिलेले असते. राईनपाड्यात अशी पटकथा नव्हती. तिथे साक्षी घ्यायला हव्या होत्या, गावे-नावे विचारायला हवी होती, पोलीस येईपर्यंत थांबायला हवे होते. यात थरार नाही, म्हणून असे चित्रपट हे दाखवत नाहीत. पण त्या पाच जणांना जगायला तेवढे थांबणे पुरले असते.