नर्मदामाईचा चेहरा कुणासारखा?

मी जबलपूरच्या अधारतालमधून बोलते आहे. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना हे नाव नवीन असेल, म्हणून आधी तेवढं सांगते. गोंडवनाची राणी दुर्गावती सोळाव्या शतकातली. तिच्या काळात इथे मोठमोठी तळी झाली. राणीचं ते रानीताल, तिच्या दासीचं ते चेरीताल आणि दिवाण आधारसिंहांचं ते अधारताल, असं इथलं लहान मूलही सांगतं. आता तळ्याभोवती दाट वस्ती आहे, आणि त्याच वस्तीत माझं घर. मी घरी मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते. नर्मदा इथून शहराच्या दुसऱ्या टोकाला, ग्वारीघाटाला. पण तिच्या नावाशिवाय इथे दिवस उजाडत नाही.

आजचा विषय आहे देवीचं चित्र आणि निसर्गाचं चित्र. ही दोन वेगळी चित्रं आहेत की एकच?

हा प्रश्न मला माझ्या वर्गानं दिला. नर्मदा जयंतीच्या आधी, म्हणजे माघ शुद्ध सप्तमीच्या आधी, मी मुलांना सांगितलं, 'नर्मदामाई काढा.' बहुतेकांनी कॅलेंडरवरची काढली. मगरीवर बसलेली, मुकुट घातलेली, गोरी, हातात कलश. एका मुलीनं मात्र घाटावर वाकून कपडे पिळणारी बाई काढली. पदर खोचलेला, पायाशी बादली, मागे पाणी. खाली लिहिलं, 'नर्मदा मैया.' तिच्या घरून निरोप आला, 'बाई, हिला देवी नीट काढायला शिकवा.'

निरोपात राग नव्हता, काळजी होती. देवीचा अपमान होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. तेव्हा त्यांना काय उत्तर द्यायचं, याचा मी बरेच दिवस विचार केला. ते उत्तर मला आमच्याच शहरातल्या एका चित्रकारानं दिलं. त्यांचं नाव अमृतलाल वेगड.

वेगडजींचं घराणं कच्छचं, पण जन्म जबलपूरचाच, 1928 सालचा. 1948 ते 1953 ते शांतिनिकेतनात होते, नंदलाल बोस यांच्या हाताखाली. तिथून परत येऊन त्यांनी जबलपुरात चित्रकला शिकवली. 1977 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते नर्मदेच्या काठानं पायी निघाले. एका दमात परिक्रमा करायची तर परंपरेनं तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात. नोकरी करणाऱ्या माणसाला ते कसं जमणार? म्हणून ते सुट्ट्यांत टप्प्याटप्प्यानं चालले. कधी विद्यार्थी सोबत, कधी मित्र, पुढे पत्नी कांताबेनसुद्धा. झोळीत स्केचबुक. ते गुजरातीत आणि हिंदीत लिहीत. 'सौंदर्यनी नदी नर्मदा' या गुजराती पुस्तकाला 2004 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 2018 साली ते गेले.

आपण मराठी माणसं परिक्रमेच्या बाबतीत हौशी. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आणि जगन्नाथ कुंट्यांचं 'नर्मदे हर हर' कितीतरी घरांत आहे. ती वाचून लोक निघतात आणि जाताना 'काय अनुभव आला?' हाच प्रश्न मनात घेऊन जातात. वेगडजींचा प्रश्न साधा होता. 'काय दिसलं?' आणि दिसलं ते त्यांनी काढलं. घाटावर आंघोळ करणाऱ्या बाया, डोक्यावर गाठोडं घेतलेले यात्रेकरू, नावा, झोपड्या. वाटेत रेखाटनं आणि घरी आल्यावर त्यांवरून चित्रं आणि कोलाज. कोलाज म्हणजे रंगीत मासिकांचे कागद कापून, चिकटवून केलेलं चित्र. साडीच्या जाहिरातीतला निळा तुकडा नर्मदेचं पाणी होतो, असं म्हणा ना.

आता ही चित्रं बघताना एक गोष्ट ध्यानात येते. नदीला ते आईच म्हणतात, देवीच मानतात. तरी देवी दाखवायला त्यांना मुकुट लागत नाही. काठावरची बाई आणि तिच्या मागचं पाणी, एवढ्यात ते भागतं.

हे नंदलालबाबूंच्या शाळेचं वळण. तिथे विद्यार्थ्यांना निसर्गापुढे बसवत. झाड काढायचं तर आधी झाड बघायचं. 1938 सालच्या हरिपुरा काँग्रेससाठी नंदलालबाबूंनी जी चित्रं केली, त्यांत कांडण करणाऱ्या बाया आहेत, कारागीर आहेत, वाजंत्री आहेत. त्याच शाळेचे दुसरे जबलपूरकर म्हणजे ब्योहार राममनोहर सिन्हा. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेचं पान त्यांनी सजवलं. इथल्या शहीद स्मारकातल्या भिंतीवरही त्या शाळेचं काम आहे. कधी आलात तर बघा.

आता कुणी म्हणेल, हे शांतिनिकेतनचं खूळ, आपली परंपरा वेगळी. मला तसं वाटत नाही. आपल्याकडच्या साती आसरा आठवा. विहिरीच्या काठी, नदीच्या डोहापाशी सात दगड मांडलेले असतात. वर शेंदूर, समोर हळदकुंकू. नाक नाही, डोळे नाहीत, दागिने नाहीत. पाणी हेच त्यांचं रूप. आपल्या आज्या नदीची ओटी भरत. खण-नारळ कुणाच्या मूर्तीला नव्हता, तो वाहत्या पाण्याला होता. तांदळा म्हणून पुजलेल्या कितीतरी देवी अशाच, नुसत्या शिळेच्या. म्हणजे चेहरा नसलेली देवी मराठी माणसाला मुळीच परकी नाही.

आणि चेहरा द्यायचा तर कुठला? जबलपूरजवळ भेडाघाटला चौसष्ट योगिनींचं देऊळ आहे. कलचुरी राजांच्या काळातलं, साधारण हजार वर्षांपूर्वीचं. गोल आवार, मध्ये गौरीशंकराचं देऊळ, भोवती ओवऱ्यांत योगिनी बसलेल्या. बहुतेक मूर्ती आता भग्न आहेत, पण बैठकीवर कोरलेली नावं अजून वाचता येतात. त्यांत एक हत्तीच्या तोंडाची आहे. कुणी सौम्य आहे, कुणी उग्र. त्या शिल्पकारांना देवी म्हणजे एकाच साच्यातली सुंदर बाई, असं वाटत नव्हतं. देऊळ टेकडीवर आहे आणि खाली नर्मदा संगमरवराच्या कड्यांमधून जाते.

मग कॅलेंडरची देवी आली कुठून? तिचाही मान ठेवून सांगते. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. ज्यांना देवळात पाऊल ठेवू देत नव्हते, त्यांच्याही भिंतीवर देवी आली. हे उपकार लहान नाहीत. माझ्याही देवघरात तशी तसबीर आहे आणि मी तिला रोज फूल वाहते.

अडचण तसबिरीत नाही. देवी तसबिरीतच आहे असं वाटू लागलं की मग अडचण होते. तसबीर आपण रोज पुसतो. तिच्यावर वाहिलेल्या फुलांचं निर्माल्य मात्र प्लास्टिकच्या पिशवीत भरून नदीत टाकतो, पिशवीसकट. जिला आई म्हणतो तिच्यातच गटाराचं पाणी सोडतो. ज्याला चित्र आणि नदी एकच वाटते, त्याच्या हातून हे होणार नाही.

वेगडजींच्या चित्रांचं मोल मला इथे कळतं. 1977 साली ते जबलपूरहून मंडल्याच्या दिशेनं निघाले. त्या वाटेवर पुढे बर्गीचं धरण झालं. काठावरची गावं, शेतं, पायवाटा जलाशयाखाली गेल्या. धरणानं पाणी दिलं, वीज दिली, ते नाकारण्याचं कारण नाही. पण तो काठ आता कुणालाच पायी चालता येणार नाही. नर्मदा अमरकंटकपासून समुद्रापर्यंत 1312 किलोमीटर वाहते, आणि तिच्या अशा कितीतरी काठांची कथा हीच आहे. मुकुटवाली देवी पुन्हा कधीही काढता येते. बुडालेला घाट मात्र ज्यानं तेव्हा बघून काढला, त्याच्याच कागदावर उरतो.

इथली एक लोककथा आहे. नर्मदेचं लग्न शोणभद्राशी ठरलं होतं. जोहिलाच्या पायी त्यानं शब्द मोडला. मानिनी नर्मदेनं पाठ फिरवली, ती पश्चिमेला निघाली आणि कुमारिकाच राहिली. नकाशात बघा, शोण पूर्वेला जातो, नर्मदा पश्चिमेला. आमच्या लोकांनी भूगोल बघितला आणि त्यात एका स्वाभिमानी मुलीचं मन वाचलं. आणि परिक्रमेत भेटणाऱ्या बाईला हाक कशी मारतात? 'माताराम.' मग ती शेतमजूर असो की डॉक्टर.

त्या मुलीच्या आईला मी हेच सांगितलं. भाषण केलं नाही. म्हटलं, 'ताई, तिनं घाटावर जे बघितलं ते काढलं. परिक्रमेत तुम्ही गेलात तर लोक तुम्हालाही माताराम म्हणतील. तुम्ही कपडे धूत असलात तरी म्हणतील.' त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, 'बादली तेवढी लाल का काढली? आमची निळी आहे.' तेव्हा मला समजलं की चित्रातली बाई कोण होती.

तेव्हा मंडळी, तुमच्या गावात नर्मदा नसेल. मुळा असेल, पंचगंगा असेल, वैनगंगा असेल, एखादा ओढा किंवा आमच्यासारखं वस्तीनं वेढलेलं तळं असेल. येत्या रविवारी मुलांना घेऊन तिथे जा. अर्धा तास बसा आणि दिसेल ते कागदावर उतरवा. पाण्यात पिशव्या तरंगत असतील तर त्याही काढा, गाळू नका. चित्र चांगलं येईल की नाही याची चिंता करू नका. घरी आल्यावर ते कागद भिंतीवर लावा, देवघराच्या शेजारीच लावा. आठ-पंधरा दिवस जाता-येता त्यांच्याकडे बघा आणि मग निर्माल्याचं काय करायचं ते घरातल्या मुलांनाच ठरवू द्या.

आमच्या वर्गात यंदा विषय आहे 'अधारताल'. मुकुट कुणी काढला तरी चालेल. अट एकच, आधी तळ्यावर जाऊन यायचं.

नर्मदे हर!