‘नुसता चालू असतो’

(पन्हाळा येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



पन्हाळ्यावर रेडिओ चांगला लागतो. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात, आणि इथे तर आपणच डोंगरावर बसलोय. खाली वीसेक किलोमीटरवर कोल्हापूर. तिथली आकाशवाणी, मिर्ची, टोमॅटो, रेडिओ सिटी अशी सगळी नावं तुम्हाला तोंडपाठ आहेत. तुमच्यातल्या वयाने मोठ्या मैत्रिणींना त्याच्याही आधीचं, 1963 साली सुरू झालेलं सांगली केंद्र आठवत असेल.

मला विषय दिलाय ‘रेडिओ आणि स्त्रिया’. तो फार मोठा आहे. मी त्यातला एकच तुकडा घेते: मुंबईत गाण्यांच्या खाजगी वाहिन्यांची जी शर्यत लागली, तिच्यात ऐकणारे कसे मोजले गेले आणि त्या मोजणीत बाई कुठे होती. पन्हाळ्यावर मुंबईची कथा कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर श्रोत्यांची दर आठवड्याची मोजणी झाली ती मुंबई, दिल्ली, बंगलोर आणि नंतर कोलकाता इथे. कोल्हापूरची बाई त्या वहीत कधी आलीच नाही. तिला काय आवडतं याचे आडाखे मात्र महानगरातल्या आकड्यांवरून बांधले गेले.

श्रोते पळवण्याची स्पर्धा आपल्याकडे जुनी आहे. 1952 साली बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा भक्त. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि सिलोन लावलं. ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षीची. मग 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू करावी लागली आणि 1967 साली मुंबई, पुणे, नागपूर इथून तिच्यावर जाहिराती लागल्या. त्या काळात श्रोता मोजायचा तो पत्रांवरून. पोस्टकार्डावर नाव-गाव लिहून फर्माईश पाठवायची. ज्या बाईला लिहिता येत होतं, पोस्टापर्यंत जाता येत होतं, ती तरी स्वतःच्या नावानं मोजली जायची. निवेदक तिचं नाव वाचायचे तेव्हा ते गल्लीभर ऐकू जायचं, ही काही लहान गोष्ट नव्हती.

1993 साली सरकारने मुंबई-दिल्लीच्या एफएमवरचे काही तास खाजगी कंपन्यांना विकायला सुरुवात केली. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या खटल्यातलं मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. निवृत्तीनंतर महाराष्ट्रातल्या अनेक चळवळींच्या व्यासपीठांवर आपण त्यांना ऐकलंय. सार्वजनिक म्हणजे कुणाची, हा प्रश्न पुढे लिलावाने सोडवला. मुंबईतल्या एका वाहिनीचं वर्षाचं परवानाशुल्क पावणेदहा कोटी रुपयांवर गेलं, वर दरवर्षी पंधरा टक्के वाढ.

2002 साली मुंबईत पाच खाजगी वाहिन्या वाजायला लागल्या. सिटी, मिर्ची, रेड, विन आणि गो. पाचातली ‘गो’ तेवढी इंग्रजीकडे झुकलेली, बाकी साऱ्या हिंदी सिनेमाच्या ताज्या गाण्यांवर. एवढे पैसे मोजल्यावर धाडस कोण करणार? मुंबईत राहून मराठी गाणं खाजगी एफएमवर ऐकू येणं तेव्हा विरळाच. मराठी श्रोता म्हणजे कमी खर्च करणारा श्रोता, असा जाहिरातदारांचा समज होता. बातम्यांना तर खाजगी वाहिन्यांना बंदीच होती. 2005 च्या नव्या धोरणात ते जबर वार्षिक शुल्क गेलं, उत्पन्नाच्या चार टक्के द्यायचं ठरलं. वाहिन्या वाढल्या, पण गाणी तीच राहिली. म्हणजे नुसत्या शुल्काचा दोष नव्हता. मोजणीचाही होता.

ती मोजणी मी जवळून पाहिली. 2008-09 च्या सुमारास मुंबईत घरोघर जाऊन श्रोत्यांच्या पाहणीचं काम मी करत होते. कुठल्या कंपनीसाठी ते राहू द्या. 2007 पासून मोठ्या शहरांत डायरीची पद्धत आली होती. घरातल्या निवडलेल्या माणसाला एक वही द्यायची. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. कुठली वाहिनी, किती वेळ, घरात की बाहेर, तिने आठवडाभर खुणा करायच्या. 2011 च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या घरात होती आणि वह्या काहीशे. नमुना-पाहणी अशीच असते, त्यात गैर नाही. पण तेवढ्या थोड्या वह्यांत दहा-बारा बायका खूण करायला विसरल्या तरी त्यांच्या वयोगटाचा, त्यांच्या वर्गाचा आकडा हलतो.

आणि बायका विसरत नव्हत्या, त्या खूण करतच नव्हत्या. लालबागच्या एका चाळीत एक बाई सकाळी पाचपासून पोळ्या लाटायच्या, डब्यांसाठी. रेडिओ पहिल्या तव्यापासून चालू. आठवड्याने वही घेतली तर जवळजवळ कोरी. विचारलं तर म्हणाल्या, “ऐकत कुठे असते हो मी? नुसता चालू असतो.” त्यांच्या मते ऐकणं म्हणजे हात रिकामे ठेवून बसणं, जसे त्यांचे यजमान संध्याकाळी बसायचे. यजमानांनी ऐकलेला अर्धा तास वहीत नोंदवला जायचा. बाईंचे सहा तास हवेत जायचे.

हे वाक्य तुम्ही आधी ऐकलंय. “काय करता?” “काही नाही, घरीच असते.” जनगणनेतल्या कामाच्या प्रश्नावर आपल्या मैत्रिणींनी किती आवाज उठवला! 1991 साली त्या प्रश्नात शेतावरचं आणि घरच्या धंद्यातलं बिनमोबदल्याचं कामही धरावं, असे शब्द घातले गेले. प्रश्न नीट विचारला की बाई नीट सांगते. रेडिओच्या वहीने तो प्रश्न विचारलाच नाही.

आणखी एक गोष्ट, जी फार बायकांना माहीत नसते. जाहिरातवाले घरांना अ, ब, क, ड, ई अशा वर्गांत बसवायचे. वर्ग कशावरून? घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण आणि व्यवसाय. तुम्ही स्वतः एम.ए. असा, नवरा सातवी पास हमाल असेल तर तुम्ही ‘ई’च्या आसपास. तुम्ही निरक्षर असा आणि नवरा बँकेत साहेब, तर तुम्ही ‘अ’. 2011 मध्ये ही पद्धत बदलली, व्यवसायाच्या जागी घरातल्या फ्रीज, वॉशिंग मशीनसारख्या वस्तू आल्या. शिक्षण मात्र मुख्य कमावत्याचंच राहिलं. जातीच्या दाखल्यावर आपण कुणाची तरी असतो. इथेही तेच.

आता या बाजाराला बाई नकोच होती असं नाही. बाई हवी होती, ‘गृहिणी’ म्हणून. साबण, मसाला, तेल तीच आणते ना! 2007 साली मुंबई, दिल्ली, कोलकाता इथे 104.8 वर ‘म्याव’ नावाची वाहिनी निघाली, खास बायकांसाठी. गाण्यांपेक्षा गप्पांवर भर. नावावर मी तेव्हाही नाक मुरडलं होतं. बाई म्हटलं की मांजर! पण तिथे बाया फोनवर बोलायच्या. नवऱ्याबद्दल, नोकरीबद्दल, शरीराबद्दलही. वरवरचं पुष्कळ होतं, तरी दुसरीकडे तेवढंही नव्हतं. तीनेक वर्षांत ती वाहिनी गेली. त्याच लहरीवर ‘ओये’ आलं, हिंदी सिनेमाची गाणी घेऊन. पुढे तेही नाव बदललं. आकड्यांच्या खेळात गप्पा महाग पडतात. गप्पांना लिहिणारी, फोन घेणारी माणसं लागतात, गाणी संगणक लावतो. आणि गप्पा ज्या दुपारी ऐकल्या जायच्या, त्या दुपारीच वह्या कोऱ्या असायच्या. जाहिरातींचे चढे दर सकाळच्या आणि संध्याकाळच्या वेळेला, माणसं गाडीत असतात तेव्हा. गाडी कोण चालवत होतं, ते सांगायला नको.

सगळीच वाट अशी नाही. सातारा जिल्ह्यात म्हसवडला 2008 पासून माणदेशी तरंग वाहिनी आहे, 90.4 वर. सरकारने 2006 साली स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची मुभा दिली, त्यातून ती निघाली. पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा. त्या टापूतल्या बायका माइकवर आल्या, आपल्या बोलीत बोलल्या, ओव्या गायल्या. तिथे श्रोता मोजायला डायरी लागत नाही, बाजाराच्या दिवशी लोक निवेदिकेला आवाजावरून ओळखतात. पण पैशाचं दुखणं तिथेही आहे. या रेडिओवर तासाला किती मिनिटं जाहिराती घ्यायच्या ते सरकार ठरवतं. ती मर्यादा सुरुवातीला पाच मिनिटांची होती, 2024 मध्ये बारापर्यंत वाढवली. तरी आकडा दाखवल्याशिवाय जाहिरात देणारे थोडेच. म्हणून आपले आकडे आपणच काढायला शिकलं पाहिजे, असं माझं मत आहे. मोजणी नकोच, असं म्हणणाऱ्या मैत्रिणींशी माझं इथे जमत नाही.

तर दुपारच्या सत्राचं काम असं. प्रत्येकीला एक कागद मिळेल, त्यावर दिवसाचे रकाने आहेत. परवाचा, म्हणजे घरी होता तो दिवस आठवायचा. डाव्या बाजूला हात काय करत होते ते लिहा, उजव्या बाजूला कानावर काय पडत होतं ते. रेडिओ, टीव्ही, मोबाइल, शेजारचा लाउडस्पीकर, सगळं. आणि ते कुणी लावलं होतं, बंद करायचा हात कुणाचा होता, हेही. लिहिता येत नाही अशा मैत्रिणीजवळ लिहिणारी बसेल, पण उत्तर तिचंच घ्यायचं. “नुसता चालू असतो” असं कुणी म्हणाली, तर तिथे थांबून पुढचं विचारायचं: कुठलं गाणं होतं?