फरशीखालची गळती



आपल्यापैकी बरेच जण भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांत काम करतात. त्यांना लीक टेस्टिंग मी नव्याने सांगायला नको. कास्टिंग आले की त्याची तोंडे बंद करायची, आत हवा भरायची आणि पाण्यात बुडवून बुडबुडे पाहायचे, किंवा गेजचा काटा उतरतो का ते पाहायचे. नापास नग पुढे जात नाही. पण आपण राहतो त्या सोसायटीतल्या पोहण्याच्या तलावाचे पाइप अनेकदा एकदाही दाब न देता फरशीखाली गाडले जातात. हे मला फार खटकते.

खटकते, कारण नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी मिळते. पवना धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलून निगडीला शुद्ध करतात. ते धरणातून थेट बंद जलवाहिनीने आणण्याला मावळ तालुक्याने विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. पवनेच्या पाण्याचा हिशेब मांडताना हे विसरता येत नाही.

२५ मीटर लांब, १२ मीटर रुंद तलावात पातळी एक सेंटिमीटर उतरली, तर ३,००० लिटर पाणी गेले. माणशी १३५ लिटरच्या मापाने ते बावीस जणांचे दिवसाचे पाणी आहे. सोसायटीत मात्र उत्तर ठरलेले असते: ऊन आहे, वाफ झाली असेल. टॉप-अपचा नळ सोडला की विषय मिटतो.

वाफ होते, हे खरे. किती होते, हे एक बादली सांगते. ती तलावाच्या पायरीवर ठेवा, आत तलावाइतक्याच पातळीला पाणी भरा आणि दोन्हीकडे खूण करा. टॉप-अप आणि पोहणे चोवीस तास बंद. बादलीपेक्षा तलाव जास्त उतरला, तर गळती आहे. हीच चाचणी एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करा. चालू असताना जास्त पाणी गेले, तर संशय रिटर्न लाइनवर. पंपाच्या जाळीत सतत हवा दिसत असेल, तर सक्शनवर. ओव्हरफ्लोचा तलाव असेल तर पंप चालू असताना खूण, काठावरून सांडलेले पाणी जमते त्या बॅलन्सिंग टँकमध्ये करा. तलाव काठोकाठ दिसत राहतो आणि घट टँकमध्ये होते. इथे पुष्कळ जण फसतात.

फोडाफोडीआधी फिल्टरचा मल्टीपोर्ट व्हॉल्व्ह बघा. त्याचे गॅस्केट झिजले, तर पाणी गुपचूप बॅकवॉशच्या पाइपातून गटारात जाते. पाइप शाबूत असतात आणि फरशी उगाच उखडली जाते.

त्यानंतर प्रेशर टेस्ट. एका वेळी एकच लाइन घ्यायची, तिची सगळी तोंडे प्लगने बंद करायची आणि हातपंपाने पाणी भरून दाब चढवायचा. आतली हवा आधी पूर्ण काढा, नाहीतर काट्यावर विश्वास ठेवता येणार नाही. काटा उतरलाच तर प्रथम प्लग तपासा, मग पाइपाला दोष द्या. आणि उघड्या पीव्हीसी पाइपात कॉम्प्रेसरची हवा कृपा करून भरू नका. कारखान्याची सवय इथे जिवावर बेतेल: पाण्याचा पाइप फुटला तर पाणी सांडते, दाबलेल्या हवेचा फुटला तर प्लास्टिकचे तुकडे अंगावर येतात.

काटा स्थिर राहिला, तर दोष तलावाच्या टाकीत शोधायचा. पंप बंद ठेवून पाणी संथ होऊ द्यावे, आणि दिव्याच्या खोबणीजवळ, इनलेटच्या कडेला रंगाचा थेंब हलकेच सोडावा. भेग असेल तिथे रंग आत ओढला जातो. त्यासाठी टाकी रिकामी करावी लागत नाही. पावसाळ्यात तर ती रिकामी करूच नये. जमिनीतले पाणी खालून दाबते आणि रिकामी टाकी उचलली जाऊ शकते.

सोसायटीचा ताबा घेताना आपण लिफ्टचे, अग्निशमनाचे कागद मागतो. तसाच तलावाच्या चाचणीचा कागदही मागा. कोणती लाइन, किती दाब, किती तास, सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा, आणि पाइप झाकण्याआधीचे फोटो. तो कागद नसेल, तर फिल्टर रूममध्ये गेज लावून चाचणी आपल्यासमोर करून घ्या, आणि मगच सही करा.