आजऱ्याच्या जिनालयातलं व्याकरण

कोल्हापूर जिल्ह्यातलं आजरा म्हटलं, की घनसाळ तांदूळ आठवतो. पण याच आजऱ्यात, इसवी सन १२०५ मध्ये, एक ग्रंथ लिहिला गेला. सोमदेवांची शब्दार्णवचंद्रिका. राज्य होतं शिलाहार भोज दुसऱ्याचं. आणि लिहिण्याची जागा? त्रिभुवनतिलक जिनालय, एक जैन मंदिर. म्हणजे ग्रंथ लिहिला देवळात... आणि ती होती संस्कृत व्याकरणावरची टीका.

कुणी म्हणेल, देवळातल्या पोथ्या पूजेपुरत्या. तसं असतं, तर तिथे व्याकरणावर टीका झाली नसती. टीकेसाठी मूळ ग्रंथ हाताशी लागतो. शंका काढणारे विद्यार्थीही लागतात. पण देवळात अभ्यास चालायचा, हे अनुमान एका ग्रंथावरून? शंका रास्त आहे. मग कोल्हापूरचा लक्ष्मीसेन जैन मठ पाहा. राजाराम कॉलेजातले डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी तिथल्या ताडपत्रांतून वरांगचरित उजेडात आणलं. हे संस्कृत महाकाव्य १९३८ मध्ये छापून आलं. देवळात व्याकरण, मठात महाकाव्य! आणि ताडपत्राचं काम सोपं नव्हे. लोखंडी लेखणीनं अक्षर कोरायचं. वर काजळी चोळायची, तेव्हा ते उठून दिसतं. पान ठिसूळ झालं, की नवी नक्कल करायला पुन्हा कुणीतरी बसायचं.