फी नाही, पण दिवस फुकटचा नाही



मोफत व्यवसाय प्रशिक्षणाला फी नसते, पण आपला दिवस फुकटचा नसतो. वर्गात बसलं की मजुरी बुडते, नाहीतर दुकान बंद राहतं. म्हणून आम्ही गटाचे वर्ग दुपारी दोनच तास घेतो आणि पहिल्या दिवशी एकच हिशेब शिकवतो.

एक किलो उडदाचे पापड घ्या. डाळ, पापडखार, मिरी, तेल, पिशवी, गाडीभाडं सगळं लिहा. मग आपली मजुरी लिहा. इथे बायका थांबतात. "घरचंच तर काम," म्हणतात. पण मजुरी न धरता भाव ठरवला, तर विक्री वाढली की कष्ट वाढतात, हातात काही उरत नाही.

ज्यांना काही दिवस घर सोडून शिकणं जमेल, त्यांनी बँकांमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, चौकशी करावी. तिथे शिकवणं, राहणं, जेवण मोफत असतं. सरकारी संकेतस्थळावर उद्यम नोंदणीलाही शुल्क नाही. सरकारी फी म्हणून कुणी पैसे मागितले, तर देऊ नका.

वर्गाला येताना वही आणा, आणि मालाच्या पावत्याही.