पुरुष वंध्यत्व : संसर्गाचा दुर्लक्षित पैलू

अपत्यहीनतेचा दोष आपल्याकडे प्रथम स्त्रीच्या माथी मारला जातो आणि तपासण्यांचा खर्चही तिच्यापासूनच सुरू होतो. वस्तुतः सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाशी निगडित कारण आढळते. जननमार्गाचा संसर्ग हे त्यांपैकी टाळता येण्याजोगे कारण होय.

परमा, क्लॅमिडिया, ई. कोलाय किंवा क्षय यांचे जंतू अधिवृषणात पोहोचले की तेथे दाह होतो. तेथे जमलेल्या पांढऱ्या पेशींतून क्रियाशील ऑक्सिजन रेणू बाहेर पडतात. त्यांमुळे शुक्राणूंच्या आवरणाला व डीएनएला इजा होते, त्यांची गती मंदावते. व्रण भरताना नलिका बुजली, तर शुक्राणू वीर्यात उतरतच नाहीत. मग प्रतिजैविकांनी जंतू मेले तरी ती नलिका उघडत नाही. म्हणूनच वेळ महत्त्वाची.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निर्देशिकेत दर मिलिलिटरमागे १६ दशलक्ष शुक्राणू व ४२ टक्के चलनशीलता ही निम्न संदर्भमर्यादा दिली आहे. पांढऱ्या पेशी दर मिलिलिटरमागे दशलक्षाहून अधिक असल्यास दाहाची शंका घेतली जाते.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक संसर्गावर मोफत उपचार मिळतात, परंतु क्लॅमिडिया बहुधा लक्षणांवाचूनच असतो, आणि लाज तर असतेच. वीर्यतपासणी स्वस्त असूनही अनेक घरांत ती सर्वांत शेवटी होते, पत्नीच्या उपचारांसाठी कर्ज काढून झाल्यावर.